मज्जारज्जूचा भाष्यकार : सर चार्ल्स शेरिंग्टन

आमचे थोरले काका आंब्याच्या झाडावरून पडले, त्याला आता बरीच वर्षे झाली. पाठीचा कणा छातीच्या मागे मोडला आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. पहिले काही आठवडे त्यांचे पाय अगदी निपचित होते. मग एके दिवशी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारली आणि काकांचा पाय ताडकन उडाला. दाराशी उभ्या असलेल्या काकूंनी देवाला हात जोडले. घरात साखर वाटली गेली. संध्याकाळी डॉक्टरांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन समजावले की, पाय हलला हे खरे, पण तो काकांनी हलविलेला नाही. तो मज्जारज्जूने हलविला आहे. हे काकूंना सांगायचे कोणी, याचा विचार घरात दोन दिवस चालला होता.

पाय हलतो, पण ज्याचा पाय तो हलवीत नाही, ही गोष्ट त्या वयात मला कळली नव्हती. पुढे महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात एका जाड पुस्तकात सर चार्ल्स शेरिंग्टन यांचे नाव भेटले आणि ते जुने कोडे पुन्हा वर आले. मी कला शाखेचा विद्यार्थी. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या पुस्तकापुरता. तरीही हे चरित्र आपल्या वार्षिकात लिहावेसे वाटले. त्याचे एक कारण काका. दुसरे असे की, हा मनुष्य प्रयोगशाळेत जितका रमला, तितकाच काव्यात, इतिहासात आणि जुन्या ग्रंथांतही रमला.

चार्ल्स स्कॉट शेरिंग्टन यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८५७ रोजी लंडनमधील इझ्लिंग्टन भागात झाला. त्यांच्या जन्माची कथा थोडी गुंतागुंतीची आहे. ज्या जेम्स नॉर्टन शेरिंग्टन यांचे नाव त्यांना मिळाले, ते गृहस्थ १८४८ सालीच वारले होते. त्यांच्या विधवा पत्नी ॲन या इप्सविच गावचे शल्यवैद्य कॅलेब रोझ यांच्यासह संसार करीत. चार्ल्स आणि त्यांचे दोन भाऊ हे रोझ यांचेच पुत्र असावेत, असे चरित्रकार आता मानतात. रोझ यांची पहिली पत्नी वारल्यावर १८८० साली त्या दोघांचा रीतसर विवाह झाला. त्या काळच्या इंग्लंडात अशा जन्माबद्दल लोक कुजबुजत, आणि मुलांना ती कुजबुज सोसावी लागे. पण घर मात्र मोठे सुसंस्कृत होते. रोझ यांना प्राचीन भाषांची आणि पुराणवस्तूंची आवड होती. घरी चित्रे होती, ग्रंथ होते, कलावंतांची ये-जा होती. इप्सविचच्या शाळेत टॉमस ॲश नावाचे कवी शिक्षक म्हणून लाभले. हा मुलगा अंगाने लहानखुरा, पण फुटबॉल आणि पुढे रग्बी जोमाने खेळणारा होता.

वैद्यकाचे शिक्षण लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात आणि मग केंब्रिजला झाले. केंब्रिजला मायकेल फॉस्टर यांनी शरीरक्रियाशास्त्राची एक नवी शाळाच उभी केली होती. याच सुमारास, १८८१ साली, लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत एक वाद गाजला. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांकडे वेगवेगळी कामे असतात, असे इंग्लंडचे डेव्हिड फेरियर म्हणत. स्ट्रासबुर्गचे फ्रीडरिश गोल्ट्झ यांना ते मुळीच मान्य नव्हते. मेंदूचा मोठा भाग काढलेला, तरीही चालताफिरता असलेला एक कुत्रा त्यांनी पुरावा म्हणून आणला होता. पुढे त्या कुत्र्याचा मेंदू तपासण्यात आला, तेव्हा गोल्ट्झ समजत होते त्यापेक्षा कमी भाग काढला गेल्याचे दिसले. या तपासणीत लँग्ली या अध्यापकांबरोबर तरुण शेरिंग्टनही होते, आणि १८८४ साली त्यांचा पहिला शोधनिबंध याच विषयावर निघाला. मेंदूला इजा झाली की तिची खूण खाली मज्जारज्जूपर्यंत कशी उतरते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. ज्या गोल्ट्झ यांचे म्हणणे कच्चे ठरले, त्यांच्याकडेच ते पुढे काम शिकायला गेले.

मध्ये काही वर्षे वाट वळली. १८८५ साली स्पेनमध्ये आणि पुढच्या वर्षी इटलीत पटकीची साथ होती. तिचा अभ्यास करणाऱ्या मंडळींत शेरिंग्टन होते. तेथून नमुने घेऊन ते बर्लिनला गेले आणि फिरखो व कॉख या दोन थोर आचार्यांच्या हाताखाली राहिले. परतल्यावर सेंट टॉमसमध्ये अध्यापन केले आणि १८९१ साली लंडनच्या ब्राउन संस्थेचे, म्हणजे जनावरांच्या दवाखान्याचे व संशोधनगृहाचे, प्रमुख झाले. त्याच वर्षी एथेल राइट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या काळातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. घटसर्पावरचे प्रतिविष तयार करण्यासाठी संस्थेतल्या एका घोड्याला टोचण्याचे काम चालू होते. इतक्यात ससेक्समध्ये त्यांच्या लहान भाच्यालाच घटसर्प झाल्याची खबर आली. औषध पुरते तयार झाले होते की नाही, याचीही खात्री नव्हती. रातोरात घोड्याचे रक्त काढले, त्यातील रक्तजल वेगळे केले, गाडी पकडली आणि मुलाला टोचले. मुलगा वाचला. इंग्लंडात हा उपाय प्रथम वापरला गेला तो असा, घरच्याच मुलावर.

पण शेरिंग्टन यांचा खरा ध्यास मज्जारज्जूचा होता. तो काय आहे, हे थोडक्यात सांगायला हवे. पाठीच्या कण्याच्या पोकळीत, मेंदूच्या तळापासून खाली कमरेच्या वरच्या मण्यांपर्यंत, करंगळीएवढ्या जाडीचा आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा हा दोर असतो. आडवा छेद घेतला तर बाहेरून पांढरा आणि आत फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग दिसतो. पांढऱ्या भागात वर मेंदूकडे जाणारे आणि खाली येणारे तंतू असतात. करड्या भागात पेशी असतात. दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या ३१ जोड्या फुटतात. प्रत्येक मज्जातंतूची दोन मुळे असतात. मागच्या मुळातून संवेदना आत येते, पुढच्या मुळातून स्नायूला आज्ञा बाहेर जाते. ब्रिटनचे बेल आणि फ्रान्सचे माझांदी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत हे दाखविले होते. संदेश म्हणजे तंतूवरून धावणारी एक क्षणिक विद्युतलहर. जाड तंतूंतून ती सेकंदाला १०० मीटरपर्यंत वेगाने जाते. चटका बसताच हात मागे येतो आणि दुखल्याची जाणीव नंतर होते. त्याचे कारण हेच, की हात मागे घेण्याचा निर्णय वर मेंदूत न होता खाली मज्जारज्जूतच होतो. अशा क्रियेला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

हातोडीने पाय उडतो, ही गोष्ट १८७५ साली जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी स्वतंत्रपणे नोंदविली. तिचा अर्थ काय, यावर मात्र त्यांचे मतभेद होते. एर्ब म्हणत, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. वेस्टफाल म्हणत, स्नायूला ताण बसतो आणि तो जागच्या जागी आखडतो, मज्जारज्जूचा यात संबंध नाही. शंकेला जागा होती, कारण सगळा प्रकार फार चटकन घडतो. टिचकीपासून सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात मांडीचा स्नायू कामाला लागलेला असतो. एवढ्या वेळात संदेश कण्यापर्यंत जाऊन परत येईल, हे अनेकांना पटत नव्हते. शेरिंग्टन यांनी १८९० नंतर हा प्रश्न हाती घेतला. मज्जातंतूंची मुळे एकेक करून तपासली. कोणते मूळ तोडले की पाय उडायचा थांबतो, हे पाहिले. मागचे, म्हणजे संवेदनेचे, ठरावीक मूळ तोडले तरी क्रिया बंद पडे. म्हणजे संदेश आत जात होता आणि वळून बाहेर येत होता. स्नायूकडे जाणाऱ्या तंतूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तंतू तर स्नायूकडून बातमी आणणारे असतात, हेही त्यांनी दाखविले. त्याआधी स्नायू म्हणजे हुकूम ऐकणारा गडी, अशीच समजूत होती. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे, हे आपल्याला कळते, ते अशाच बातम्यांमुळे. टिचकीच्या या वाटेवर आतल्या आणि बाहेरच्या तंतूंमध्ये एकच सांधा आहे, हे १९४३ साली लॉइड यांनी मोजून सिद्ध केले, तेव्हा शेरिंग्टन हयात होते.

याच प्रयोगांतून त्यांची सर्वांत मोठी गोष्ट हाती आली. गुडघा सरळ करणारे स्नायू मांडीच्या पुढे असतात, वाकविणारे मागे. पुढचे आखडायचे तर मागच्यांनी सैल व्हायला हवे. शेरिंग्टन यांनी मागच्या स्नायूंच्या मज्जातंतूला डिवचले, तर पुढचा स्नायू सैल पडला आणि गुडघ्याचा झटका येईनासा झाला. याचा अर्थ सैल पडणे म्हणजे नुसते काम थांबणे नव्हे. मज्जारज्जू एकाला चालना देतो, त्याच क्षणी दुसऱ्याला लगाम घालतो. लगाम घालणे हेही एक कामच आहे, आणि चालना देण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

हा लगाम सुटला तर काय होते, हे आपल्याकडे खेड्यापाड्यांत लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. धनुर्वातात जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते, लहानशा आवाजाने आचके येतात. कोकणात रानोमाळ वाढणाऱ्या काजऱ्याच्या बीमध्ये स्ट्रिक्निन हे विष असते. त्यानेही असेच आचके येतात. शेरिंग्टन यांनी ही दोन्ही विषे प्रयोगात वापरली आणि १९०५ साली दाखविले की, ज्या उत्तेजनाने एरव्ही स्नायू सैल पडायचा, त्याच उत्तेजनाने विषबाधेनंतर तो आखडतो. समोरासमोरचे दोन्ही स्नायू एकदम ओढू लागतात आणि शरीर स्वतःशीच झुंजते. आज आपल्याला माहीत आहे की, धनुर्वाताचे विष लगामाचा निरोप नेणारी रसायने बाहेर पडूच देत नाही, आणि स्ट्रिक्निन तो निरोप घेणारी जागा अडविते. शेरिंग्टन यांच्या वेळी यातले रसायन ठाऊक नव्हते. नुसत्या हालचाली मोजून ते तिथवर पोचले होते.

१८९५ ते १९१३ ही अठरा वर्षे ते लिव्हरपूलला प्राध्यापक होते. त्या सुरुवातीच्या काळातच त्यांनी विज्ञानाला एक शब्द दिला, आणि त्याची कथा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आवडावी. मज्जासंस्था ही एकसंध जाळी आहे की सुट्या पेशींची बनलेली, हा तेव्हा वादाचा मुद्दा होता. स्पेनचे काहाल यांनी रंगविलेले छेद दाखवून, प्रत्येक पेशी सुटी असते, असे प्रतिपादन केले होते. १८९४ साली काहाल लंडनला व्याख्यानासाठी आले, तेव्हा शेरिंग्टन यांच्याकडेच उतरले होते. पाहुण्याने दिलेल्या खोलीतही सूक्ष्मदर्शकाचा संसार मांडला, असे सांगतात. पेशी सुट्या असतील, तर संदेश एकीकडून दुसरीकडे जाताना मधला सांधा ओलांडायला हवा. प्रतिक्षिप्त क्रियेत संदेश एकाच दिशेने जातो, त्याला किंचित उशीर होतो, तो थकतो, साठतो. हे सारे गुण त्या सांध्याचे असले पाहिजेत, असे शेरिंग्टन यांनी ओळखले. फॉस्टर यांच्या पाठ्यपुस्तकाच्या १८९७ सालच्या आवृत्तीत या सांध्याला नाव देण्याची वेळ आली. शेरिंग्टन यांच्या मनात एक शब्द होता, पण फॉस्टर यांनी केंब्रिजचे ग्रीक पंडित व्हेरॉल यांचा सल्ला घेतला, आणि परस्परांना धरणे अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून सिनॅप्स हा शब्द ठरला. तेव्हा हा सांधा कोणी पाहिलेला नव्हता. त्यातली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० नंतर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. गोष्ट दिसण्याच्या अर्धशतक आधी तिचे नाव तयार होते.

काकांचे पाय आधी निपचित का होते आणि मग का उडू लागले, याचे उत्तरही येथेच मिळते. मज्जारज्जू तुटला की खालचा भाग काही काळ सुन्न होतो. बेडकात ही अवस्था अगदी थोडा वेळ टिकते, माकडात बराच काळ, आणि माणसात काही आठवडेही. प्राण्याचा मज्जारज्जू मेंदूवर जितका विसंबून, तितका धक्का मोठा. सुन्नपणा ओसरल्यावर खालच्या बाजूस पुन्हा छेद दिला, तर तसा धक्का बसत नाही, हे शेरिंग्टन यांनी दाखविले. म्हणजे जखमेने नव्हे, तर वरून येणारा आधार तुटल्याने मज्जारज्जू सुन्न होतो. नंतर तो स्वतःच्या बळावर जागा होतो, पण वरचा लगाम नसतो. म्हणून झटके अधिक जोराचे येतात. काकांचे पाय पुढे पुढे रात्री आपोआप आखडत, आणि काकू उशाशी बसून ते चोळीत असत.

१९०४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात त्यांनी दिलेली व्याख्याने १९०६ साली ग्रंथरूपाने निघाली. मज्जासंस्थेचे एकीकरणाचे कार्य हा त्याचा विषय. असंख्य वाटांनी येणारे संदेश अखेर एकाच पेशीच्या दारातून स्नायूकडे जातात. त्या दारात कोणाला प्रवेश मिळायचा आणि कोणी थांबायचे, हे ठरते म्हणूनच अनेक अवयवांचा मिळून एक प्राणी होतो, हे त्याचे सार. ग्रंथ त्यांनी फेरियर यांना अर्पण केला. हे सारे ज्ञान कुत्री, मांजरे आणि माकडे यांच्यावरील प्रयोगांतून आले, हे लपवून चालणार नाही. इंग्लंडात १८७६ पासून अशा प्रयोगांना कायद्याचे बंधन होते. भूल देऊन, मोठा मेंदू वेगळा करून, म्हणजे वेदना जाणवण्याचे साधनच काढून, मग ते काम करीत. तरीही वाचताना मन थांबते. डॉक्टरांची ती लहानशी रबरी हातोडी आपल्यापर्यंत पोचली, तिच्यामागे ही किंमत आहे.

१९१३ साली ते ऑक्सफर्डला गेले. लगेच महायुद्ध सुरू झाले आणि विद्यार्थी रणांगणावर गेले. कारखान्यांतील कामगारांच्या थकव्याचा अभ्यास करायचा होता. १९१५ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, हे प्राध्यापक आपली ओळख न देता बर्मिंगहॅमच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात तीन महिने साधे कामगार म्हणून राबले. थकवा कागदावर मोजण्याआधी त्यांनी तो अंगावर घेतला. पुढे मान आपोआप चालत आले. १९२० ते १९२५ ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९२२ साली सर ही पदवी मिळाली. १९३२ साली मज्जापेशींच्या कार्यावरील शोधांसाठी एडगर एड्रियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा शेरिंग्टन ७५ वर्षांचे होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी फ्लोरी, एक्लिस आणि ग्रानित या तिघांना पुढे नोबेल मिळाले. त्यांतले फ्लोरी म्हणजे पेनिसिलीन औषध म्हणून हाती देणाऱ्यांपैकी एक. लगाम घालणाऱ्या संदेशाने मज्जापेशीत विजेचा काय बदल होतो, हे एक्लिस यांनी पुढे प्रत्यक्ष मोजून दाखविले.

या सगळ्या धावपळीत १९२५ साली त्यांचा एक काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर एडिंबरा येथे १९३७–३८ साली त्यांनी व्याख्याने दिली, आणि १९४० साली ती माणूस आणि त्याची प्रकृती या विषयावरील ग्रंथ म्हणून निघाली. फेर्नेल या सोळाव्या शतकातील फ्रेंच वैद्याला सोबतीला घेऊन त्यांनी त्यात एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला. शरीरात ऊर्जा कशी खेळते, तंतूतून संदेश कसा जातो, हे मोजता येते. पण त्यातून मन कसे उगवते? पन्नास वर्षे प्रतिक्षिप्त क्रियांचा अभ्यास केलेल्या माणसाने सगळे मन म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियाच, असे म्हटले असते तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. तसे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. शेरिंग्टन यांनी ते म्हटले नाही. मोजमापाने मन हाती लागत नाही, दोहोंचा सांधा आपल्याला सापडलेला नाही, अशी त्यांनी स्वच्छ कबुली दिली. त्यांचे हे द्वैत आजच्या बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य नाही. पण प्रश्न मिटलेला आहे, असेही कोणी म्हणू शकत नाही.

पत्नी १९३३ सालीच निवर्तली होती. अखेरच्या वर्षांत संधिवाताने शरीर जखडले, पण बुद्धी तल्लख राहिली. जुन्या ग्रंथांचे आणि माणसांचे प्रेमही आटले नाही. ४ मार्च १९५२ रोजी ईस्टबोर्न येथे, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले.

काकूंना खरी गोष्ट अखेर डॉक्टरांनीच सांगितली. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, पाय यांनी हलविला नाही, तर मग हलविला कोणी? डॉक्टरांनी पुन्हा मज्जारज्जूचे नाव घेतले. काकूंचे त्याने समाधान झाले नाही. त्या वेळी मला वाटले होते की, त्यांना शास्त्र कळत नाही. शेरिंग्टन यांचे चरित्र वाचल्यावर वाटते की, शास्त्र जेथवर जाते तेथवर डॉक्टरांचे उत्तर पुरे होते, आणि काकूंचा प्रश्न त्याच्या पलीकडचा होता. शेरिंग्टन यांनी पहिल्याचे उत्तर शोधण्यात आयुष्य घातले आणि दुसरा प्रश्न उघडा ठेवण्याचा प्रामाणिकपणा दाखविला. काका पुढे अकरा वर्षे जगले. पाय रात्री उडू लागले की ते हसून म्हणत असत की, हे आता माझे ऐकत नाहीत, स्वतंत्र झालेत. काकू मात्र शेवटपर्यंत ते पाय त्यांचेच मानून चोळीत राहिल्या.